मंडळीची उपासना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथले काही प्रश्न चर्चमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्यांचे आहेत, काही जन्मापासून मंडळीत (चर्चच्या समुदायात) असूनही विचारायला संकोचणाऱ्यांचे. बरेचसे मात्र अशांचे आहेत, ज्यांच्याकडे नुकतीच वाचनाची, प्रार्थनेची किंवा प्रभुभोजनाचे (भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या विधीचे) मेज मांडण्याची जबाबदारी आली आहे. परंपरेनुसार जिथे खरोखर वेगळे वागावे लागते तिथे तसे सांगितले आहे. मतभेद झालाच तर तुमच्या पाळकांचे किंवा धर्मगुरूंचे ऐका.

उपासना रविवारीच का?

येशूचे पुनरुत्थान आठवड्याच्या पहिल्या दिवशी झाले म्हणून. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना रविवारी सुट्टी नव्हती. ते पहाटे कामाआधी किंवा रात्री जमत. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 मध्ये रविवार विश्रांतीचा दिवस ठरवला, त्यानंतर सकाळची निवांत उपासना शक्य झाली. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळ्या शनिवारी जमतात. कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळचा मिस्सा (प्रभुभोजनाची कॅथलिक उपासना) रविवारचाच धरला जातो, कारण सणाचा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो अशी जुनी गणना आहे.

प्रत्येक चर्चमध्ये क्रम वेगळा दिसतो. त्यात समान असे काही असते का?

असते, आणि ते एकदा लक्षात आले की कुठल्याही चर्चमध्ये तुम्ही हरवत नाही. जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने इसवी सन 155 च्या सुमारास रविवारच्या सभेचे वर्णन लिहून ठेवले आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचायचे, मग अध्यक्षाने बोध करायचा, सगळ्यांनी उभे राहून प्रार्थना करायची, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस आणायचा, उपकारस्तुती (देवाचे आभार मानणारी प्रार्थना) करायची, लोकांनी 'आमेन' म्हणायचे, वाटप करायचे, गैरहजर राहिलेल्यांना सेवकांच्या हाती घरी पाठवायचे. ऐपत असलेल्यांनी दिलेली वर्गणी अनाथ, विधवा, आजारी आणि कैदी यांच्यासाठी. आजचा सांगाडा अजून हाच आहे.

त्याचे चार भाग पडतात. पहिला जमण्याचा: आवाहन, गीत, पापांची कबुली आणि क्षमेची घोषणा. दुसरा वचनाचा: वाचने, उपदेश, मतांगीकार (विश्वासाची ठरलेल्या शब्दांतली कबुली), मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठीची, प्रार्थना. तिसरा मेजाचा: अर्पण, उपकारस्तुतीची मोठी प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, भाकर मोडणे, वाटप. चौथा पाठवणीचा: आशीर्वाद आणि निरोप. ज्या मंडळ्या महिन्यातून एकदाच प्रभुभोजन करतात, त्यांच्याकडे इतर रविवारी तिसरा भाग गळतो. छापील क्रम न वापरणाऱ्या मंडळ्यांतही थोडे नीट पाहिले तर पहिला, दुसरा आणि चौथा भाग सापडतोच. फक्त पहिला चाळीस मिनिटांच्या गायनाचा असतो.

क्रम बदलायचा असेल तर भागांच्या आत बदला. कबुली उपदेशानंतर घेतली तर ती उपदेशाला दिलेले उत्तर बनते, आणि तसे करणाऱ्या मंडळ्या आहेत. पण सूचना आणि वाढदिवसांच्या शुभेच्छा उपकारस्तुती आणि वाटप यांच्या मध्ये घुसवल्या की मेजाचा भाग मोडतो. सूचना अगदी सुरुवातीला किंवा आशीर्वादाच्या आधी ठेवाव्यात.

कधी उभे राहायचे, कधी गुडघे टेकायचे?

साधारणपणे गाताना, शुभवर्तमान (येशूचे चरित्र सांगणारा बायबलचा भाग) वाचताना आणि मतांगीकार म्हणताना उभे. इतर वाचने आणि उपदेश ऐकताना बसून. कबुलीला आणि मोठ्या प्रार्थनेला गुडघ्यांवर, निदान जिथे तशी रीत आहे तिथे. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बहुतेक उपासना उभ्यानेच होते. निकीया येथील परिषदेच्या (325) विसाव्या नियमाने रविवारी आणि पुनरुत्थानाच्या काळात गुडघे टेकायला चक्क मनाई केली होती, कारण उभे राहणे ही पुनरुत्थानाची खूण. त्यामुळे गुडघे टेकणे म्हणजे जास्त भक्ती असे कोणी सांगितले तर फार मनावर घेऊ नका. गुडघेदुखी असेल तर बसून पुढे झुकले तरी पुरते.

नवख्यांनी पहिल्या ओळीत बसू नये. समोर माणसे असली की त्यांच्याबरोबर उठता-बसता येते.

प्रभूची प्रार्थना म्हणताना सगळे थांबले आणि मी एकटाच पुढे बोलत राहिलो. काय चुकले?

तुम्ही बहुधा प्रॉटेस्टंट आहात आणि मिस्साला गेला होतात. कॅथलिक उपासनेत लोक 'वाइटापासून सोडव' इथे थांबतात, धर्मगुरू एक छोटी प्रार्थना जोडतात आणि मग सगळे मिळून 'राज्य, सामर्थ्य व गौरव' ही ओळ म्हणतात. प्रॉटेस्टंट मंडळ्या ती ओळ सलग म्हणतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही ओळ नाही, पण उपासनेतला तिचा वापर फार जुना आहे. संयुक्त उपासना असेल तर चालवणाऱ्याने आधी एक वाक्य सांगावे: 'प्रार्थना शेवटपर्यंत सलग म्हणू.' एवढ्याने गोंधळ टळतो.

मतांगीकार दोन का आहेत? कोणता कधी म्हणायचा?

प्रेषितांचा मतांगीकार बाप्तिस्म्याच्या प्रश्नोत्तरांतून वाढला, म्हणून तो बाप्तिस्म्याला आणि सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला शोभतो. निकीयाचा मतांगीकार 325 च्या परिषदेत तयार झाला, 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे त्याला आजचे रूप आले. तो प्रभुभोजनाच्या उपासनेत म्हणतात. पवित्र आत्मा पित्यापासून 'आणि पुत्रापासून' निघतो हे शब्द पाश्चात्त्य चर्चने नंतर जोडले, ऑर्थोडॉक्स चर्च ते म्हणत नाही. अनेक बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत मतांगीकार म्हणतच नाहीत.

प्रभुभोजन कोणी घ्यावे? नको असेल तर काय करावे?

कॅथलिक चर्चमध्ये सर्वसाधारणपणे फक्त कॅथलिकांनी, ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये फक्त ऑर्थोडॉक्स लोकांनी. बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेल्या कोणालाही, काही ठिकाणी येशूवर विश्वास ठेवणाऱ्या सर्वांना बोलावतात. मुलांबाबतही एकवाक्यता नाही. ऑर्थोडॉक्स चर्च तान्ह्या बाळालाही चमच्याने देते, कॅथलिक मुले साधारण सातव्या वर्षी पहिला ख्रिस्तप्रसाद घेतात, अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या दृढीकरणापर्यंत (मोठे झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीपर्यंत) थांबवतात.

घ्यायचे नसेल तर जागेवर बसून राहणे यात काहीही गैर नाही. अँग्लिकन आणि अनेक कॅथलिक चर्चमध्ये छातीवर हात आडवे दुमडून पुढे गेलात तर फक्त आशीर्वाद मिळतो. मात्र हीच सवय घेऊन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये जाऊ नका: तिथे हात असे दुमडणे म्हणजे 'मी प्रसाद घ्यायला आलो आहे' असा अर्थ होतो आणि मग चमचा समोर आल्यावर सगळ्यांचीच पंचाईत होते.

उपवासाचा नियम विचारला जातो. कॅथलिक प्रसाद घेण्याआधी एक तास अन्न आणि पेय टाळतात. पाणी आणि औषधे चालतात, वृद्ध आणि आजारी यांना सूट आहे. ऑर्थोडॉक्स परंपरेत मध्यरात्रीपासून काही खात नाहीत. इतरत्र ते ज्याच्या त्याच्यावर सोडलेले असते.

भाकर कोणती आणि रस कोणता? किती लागतो?

कॅथलिक चर्चमध्ये गव्हाची बेखमीर (न आंबवलेली) भाकर आणि शुद्ध द्राक्षारस, दोन्हींत दुसरे काही मिसळलेले चालत नाही, फक्त प्याल्यात थोडे पाणी घालतात. ऑर्थोडॉक्स चर्च खमीर घातलेली भाकर वापरते आणि वाटपाच्या आधी प्याल्यात थोडे गरम पाणी ओतते. प्रॉटेस्टंट मंडळ्या दोन्ही प्रकारची भाकर वापरतात, आणि अनेक ठिकाणी मद्यार्क नसलेला द्राक्षांचा रस असतो. हा रस टिकाऊ स्वरूपात मिळू लागला तो थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने 1869 मध्ये रस उकळून आंबणे थांबवले तेव्हापासून. त्याचा हेतूच प्रभुभोजनाचा होता.

ग्लुटेन न चालणाऱ्यांसाठी आधीच ठरवा. कॅथलिक नियमानुसार ग्लुटेन पूर्ण काढलेली वेफर चालत नाही, अगदी कमी ग्लुटेनची चालते. तीही सोसत नसेल तर त्या व्यक्तीने फक्त प्याला घ्यावा. इतर मंडळ्या तांदळाची वगैरे वेफर ठेवतात. ती वेगळ्या झाकणाच्या भांड्यात हवी आणि वाटणाऱ्याने गव्हाच्या भाकरीला लागलेल्या हाताने तिला शिवू नये. ज्या प्याल्यात लोक भाकर बुडवतात त्यात कण पडतात, तेव्हा अशा व्यक्तीसाठी प्यालाही निराळा.

मापाचा अंदाज असा धरा. एका प्याल्यातून पिताना माणूस सुमारे 5 मिलिलिटर घेतो, म्हणजे शंभर जणांना अर्धा लिटर. छोट्या वैयक्तिक पेल्या दोन तृतीयांश भरल्या तर प्रत्येकी सुमारे 10 मिलिलिटर, शंभरांना एक लिटर. पेल्या काठोकाठ भरू नयेत. ट्रे हातातून हातात जाताना हिंदकळतो आणि डाग सणाच्या दिवशीच्या पांढऱ्या कपड्यांवरच पडतात. अख्खी भाकर मोडणार असाल तर वरचा कडक पापुद्रा आधी सुरीने अर्धवट कापून ठेवा. नाहीतर 'मोडलेली भाकर' उंचावण्याच्या क्षणी ती चिरडते, चुरा मेजभर पसरतो.

कमी पडेल का, ही भीती खरी आहे. मोजणीचे काम दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला द्या, अर्पणाच्या गीताआधी त्याने आकडा मेजापाशी पोहोचवावा. एक जोडी, म्हणजे एक भाकर देणारा आणि एक प्याला देणारा, शंभर लोकांना साधारण आठ ते दहा मिनिटे घेते. दीडशेच्या पुढे दोन जोड्या लागतातच.

एकाच प्याल्यातून प्यायल्याने आजार पसरतो का?

धोका शून्य नाही, पण काळजीने तो कमी होतो. प्रत्येक व्यक्तीनंतर काठ आतून-बाहेरून स्वच्छ कापडाने पुसायचा, प्याला थोडा फिरवायचा, कापडाचा कोरडा भाग संपला की कापड बदलायचे. आपण स्वतः भाकर प्याल्यात बुडवणे अधिक सुरक्षित, असा समज आहे. प्रत्यक्षात बोटांची टोके रसात जातात आणि बोटे ओठांपेक्षा स्वच्छ असतात असे नाही. बुडवायचेच असेल तर सेवकाने बुडवून द्यावे. सर्दी-ताप असेल तर फक्त भाकर घ्या. एकाच रूपात घेतलेले प्रभुभोजन अपुरे नसते, हे बहुतेक परंपरा मानतात.

उरलेल्या भाकरीचे आणि रसाचे काय करायचे?

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये भाकर आजाऱ्यांसाठी जपून ठेवतात, प्याला तिथल्या तिथे संपवतात. अँग्लिकन प्रथेत उरलेले आदराने खाऊन-पिऊन संपवतात. ज्या मंडळ्यांत भाकर हे स्मरणाचे चिन्ह मानले जाते तिथेही ती कचऱ्यात टाकू नये. कोणाला तरी ते दिसते आणि जखम राहते. संपवा किंवा मातीत पुरा.

बाळाचा बाप्तिस्मा की मोठेपणी? आणि पाणी किती लागते?

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन बाळांना बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल आणि ब्रदरन मंडळ्या स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यांनाच. दुसऱ्या प्रकारच्या मंडळ्यांत बाळाचा समर्पणविधी असतो, तो बाप्तिस्मा नव्हे. पाण्याबद्दलचा सर्वांत जुना लेखी नियम 'दिदाखे' या छोट्या ग्रंथात आहे: वाहते पाणी उत्तम, नसेल तर दुसरे, गार नसेल तर कोमट, पुरेसे नसेल तर डोक्यावर तीन वेळा ओता. पाण्याच्या मापावरून भांडणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

महत्त्वाच्या गोष्टी दोन: पाणी, आणि 'पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने' हे शब्द. शब्द बदलू नका. 'मी तुला बाप्तिस्मा देतो' ऐवजी 'आम्ही देतो' असे म्हटलेला बाप्तिस्मा वैध नाही, असा निर्णय व्हॅटिकनने 2020 मध्ये दिला, आणि त्यानंतर अशा लोकांना पुन्हा सगळे विधी करावे लागले. बाप्तिस्मा एकदाच होतो. पूर्वी झाला की नाही याची खात्री नसेल तर 'तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर' असे जोडून सशर्त देतात. बाळ मरणासन्न असेल तर कॅथलिक, अँग्लिकन अशा अनेक परंपरांत कोणीही, परिचारिकाही, बाप्तिस्मा देऊ शकते. नंतर चर्चच्या नोंदवहीत मात्र लिहून घ्यावे.

ओतून द्यायचा असेल तर पाणी कोमट ठेवा आणि बाळाचे डोके कुंडावर किंचित खाली झुकवा, म्हणजे पाणी डोळ्यांत न जाता मागे ओघळते. टॉवेल पालकांकडे नको, पाळकांच्या हाताशी हवा.

बुडवून द्यायचा असेल तर तयारी जास्त. टाकी भरायला आणि पाणी कोमट व्हायला काही तास लागतात, तेव्हा हे काम आदल्या दिवशीच लावा. पाणी उभ्या माणसाच्या कमरेपर्यंत पुरते. पाण्यापाशी तारेचा माइक, पंखा, विस्तार-बोर्ड काहीही आणू नका. ओल्या हाताने माइक धरून विजेचा धक्का बसल्याने माणसे दगावली आहेत. अंगरख्याच्या घेराला आतून वजन शिवले नाही तर तो पाण्यावर तरंगतो. उमेदवाराने एका हाताने नाक धरावे, दुसऱ्याने ते मनगट; पाळकांचा एक हात त्या हातांवर, दुसरा पाठीमागे खांद्यांच्या मध्ये. उमेदवाराने गुडघे वाकवून मागे रेलायचे. ताठ राहिलेला माणूस पाय वर फेकतो आणि दोघेही घसरतात. म्हणून कोरड्या जमिनीवर आधी एकदा सराव करून घ्यायचा, उमेदवार कितीही लाजला तरी.

कापडांचे रंग सारखे का बदलतात?

आगमनकाळ (नाताळाआधीचा) आणि उपवासकाळ (ईस्टरआधीचा) जांभळा. नाताळ आणि ईस्टरचा काळ पांढरा किंवा सोनेरी. पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरल्याचा सण), झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आदला) आणि हुतात्म्यांचे दिवस लाल. बाकी वर्षभर हिरवा. आगमनकाळाच्या तिसऱ्या आणि उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी काही ठिकाणी गुलाबी दिसतो, तो मध्येच येणाऱ्या आनंदाच्या विसाव्याचा. काही मंडळ्या आगमनकाळात निळा वापरतात. अनेक मंडळ्या रंग पाळतच नाहीत.

वर्षाची सुरुवात आगमनकाळाने, 30 नोव्हेंबरला सर्वांत जवळच्या रविवारी होते. म्हणजे 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये. चार मेणबत्त्यांच्या आगमनचक्राची प्रथा योहान हिन्रिख विखर्न यांच्याकडे जाते. त्यांनी 1839 मध्ये हॅम्बुर्गमधल्या अनाथालयात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, मुलांना नाताळचे दिवस मोजता यावेत म्हणून.

ईस्टरची तारीख कशी काढतात? दोन ईस्टर का असतात?

21 मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार. त्यामुळे ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्यामध्येच येतो. इथली पौर्णिमा चर्चच्या तक्त्यातली असते, आकाशातली नव्हे: 2019 मध्ये 21 मार्चला पौर्णिमा होती, तरी ईस्टर 21 एप्रिलला आला, कारण तक्त्यात ती पौर्णिमा एक दिवस आधी पडत होती. बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्च हाच हिशेब ज्युलियन पंचांगाने करतात, म्हणून तारखा वेगळ्या पडतात. 2025 मध्ये दोन्ही 20 एप्रिलला आले. 2026 मध्ये 5 आणि 12 एप्रिल. 2027 मध्ये 28 मार्च आणि 2 मे.

स्वर्गारोहण ईस्टरपासून चाळिसाव्या दिवशी गुरुवारी आणि पेंटेकॉस्ट पन्नासाव्या दिवशी, ईस्टरचा दिवस पहिला धरून.

उपवासकाळ चाळीस दिवसांचा म्हणतात, पण मोजले तर शेहेचाळीस भरतात.

मधले सहा रविवार मोजत नाहीत, कारण प्रत्येक रविवार पुनरुत्थानाचा. या काळात हालेलूया म्हणत नाहीत आणि फुले कमी करतात.

राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला लावायची राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांची करतात. झावळ्या पूर्ण वाळलेल्या हव्यात, धातूच्या भांड्यात उघड्यावर जाळा, पूर्ण थंड झाल्यावर खलून बारीक चाळणीतून चाळा. राखेत पाणी घालून लगदा करून ठेवू नका. राख क्षारयुक्त असते, पाण्याबरोबर ती त्वचा भाजते, आणि कपाळावर फोड आलेली माणसे दुसऱ्या दिवशी दाराशी येतात. कोरडीच वापरा, फार तर तेलाचे दोन-तीन थेंब.

पवित्र आठवड्यात नेमके काय होते?

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी शेवटच्या भोजनाची आठवण, अनेक ठिकाणी पाय धुण्याचा विधी, आणि शेवटी वेदीवरचे सगळे काढून ती उघडी ठेवणे. शेवटचे काम घाईत करू नका: कोणी काय उचलायचे हे आधी ठरलेले असेल तर ते निःशब्द होते, नाहीतर कुजबुजीत जाते.

शुक्रवारी कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. आदल्या दिवशी जपलेला प्रसाद देतात. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दुपारी बारा ते तीन अशी वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर उपासना असते. सात वक्ते नेमले तर प्रत्येकाला बारा मिनिटे सांगा आणि पुढच्या ओळीत घड्याळ घेऊन कोणाला तरी बसवा. सातव्या वक्त्याच्या वाट्याला चार मिनिटे उरणे ही जगभरच्या मंडळ्यांची जुनी तक्रार आहे.

शनिवारी अंधार पडल्यावर पुनरुत्थानाचे जागरण. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर क्रूस, अल्फा आणि ओमेगा ही अक्षरे, चालू वर्षाचे आकडे आणि धुपाचे पाच दाणे असतात. जुन्या करारातली सात वाचने असतात. कॅथलिक नियमात कमीत कमी तीन घ्यावी लागतात, आणि तांबड्या समुद्रातून पार जाण्याचे वाचन कधीच गाळता येत नाही. वारा असेल तर लहान मेणबत्त्यांना कागदी चकत्या हव्यातच. वितळलेले मेण हातावर पडले की मुले मेणबत्ती टाकून देतात. आग विझवायचे साधन जवळ ठेवा, आणि दिवे कोणत्या शब्दाला लावायचे ते बटणापाशी उभ्या माणसाला लिहून द्या.

कोणत्या रविवारी कोणता शास्त्रपाठ हे कोण ठरवते?

वाचनसारणी (वाचनांचा ठरलेला तक्ता) वापरणाऱ्या मंडळ्यांत तीन वर्षांचे चक्र असते. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. योहान तिन्ही वर्षांत विखुरलेला, विशेषतः ईस्टरच्या काळात. कॅथलिक सारणी 1969 मध्ये आली, तिच्या आधारे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांची संयुक्त सारणी 1992 मध्ये. जुना करार, स्तोत्र, पत्र, शुभवर्तमान अशी चार वाचने. ईस्टरच्या काळात पहिले वाचन प्रेषितांच्या कृत्यांतून. इतर मंडळ्यांत पाळक एखादे पुस्तक सलग घेतात. सारणीचा फायदा असा की पाळकांना आवडते तेच तेच उतारे फिरून येत नाहीत; तोटा असा की गोष्ट मध्येच तुटते.

मला वाचायला सांगितले आहे. तयारी कशी करू?

उतारा निदान दोनदा मोठ्याने वाचा, एकदा अर्थासाठी, एकदा श्वासासाठी. विशेषनामांवर पेन्सिलने खुणा करा. अडखळलात तरी ठाम म्हणून पुढे जा, 'माफ करा' म्हणू नका. छापलेली शीर्षके वाचायची नाहीत. आधी पुस्तकाचे नाव, अध्याय आणि ओव्या, मग लोकांना पान सापडेपर्यंत तीन सेकंद शांतता. नवख्यांचे वाचन घाईत होते, म्हणून स्वतःला फारच सावकाश वाटेल इतके हळू वाचा. माइक तोंडापासून वीतभर आणि किंचित खाली, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटत नाहीत. शेवटच्या वाक्यानंतर थांबा, मगच 'हे प्रभूचे वचन' म्हणा. लगेच म्हटले तर ते उताऱ्याचाच भाग वाटते.

मध्यस्थीची प्रार्थना किती लांब असावी?

चार-पाच मिनिटे. जगभरची मंडळी, देश आणि सत्ताधारी, स्थानिक समाज, आजारी आणि दुःखी, शेवटी मृत आणि शोकाकुल, असा क्रम ठेवला तर काही सुटत नाही. देवाला बातम्या सांगण्याची गरज नाही, आणि दुसरा उपदेश करण्याची तर अजिबात नाही. प्रत्येक भागानंतर ठरलेले प्रतिसादवाक्य असेल तर ते सुरुवातीला सांगा आणि दर वेळी शब्दशः तेच वापरा. एक शब्द बदलला की लोक गप्प बसतात.

आजाऱ्याचे नाव घेण्याआधी त्याची परवानगी घ्या. आजाराचे नाव तर सांगूच नका. प्रार्थनेतून कळलेले निदान संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोहोचते, आणि तो माणूस पुढच्या वेळी कोणालाच काही सांगत नाही.

गीते कशी निवडावीत?

पहिले गीत सगळ्यांना येणारे, देवाला उद्देशून केलेली स्तुती. उपदेशाआधीचे वाचनांशी जुळणारे. वाटपाच्या वेळी लहान, तोंडपाठ म्हणता येणारे, कारण रांगेत पुस्तक धरता येत नाही. शेवटचे चालीला जोमदार. एका उपासनेत एकच नवे गीत, आणि तेही वाद्यावर एकदा पूर्ण वाजवून.

स्वर हा दुर्लक्षित मुद्दा. गायकवृंदाला सोयीचे ते मंडळीला उंच जाते. लोक मान वर करून गायला लागले किंवा पुरुष खालच्या सप्तकात उतरले की पट्टी एक-दोन स्वरांनी खाली आणा. वाद्यांचा आवाज एवढाच असावा की शेजारच्याचे गाणे ऐकू येईल. स्वतःचा आवाज एकट्याचा नाही असे वाटले की लोक गातात. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये पारंपरिकरीत्या वाद्येच नसतात आणि गाणे अडत नाही. शब्द पडद्यावर दाखवणार असाल तर कडवे संपण्याच्या आधी, शेवटच्या ओळीच्या मध्यावर, पुढची पाटी बदला. आणि प्रताधिकाराचा परवाना काढा. चर्चमधला वापर म्हणून सरसकट सूट मिळते हा गैरसमज आहे.

अर्पण द्यावेच लागते का?

पाहुण्यांनी मुळीच नाही. थैली पुढे सरकवा, कोणी बघत नाही. मोजणी मात्र नेहमी नात्यात नसलेल्या दोघांनी, एकाच ठिकाणी, त्याच दिवशी करावी आणि दोघांनी सही करावी. त्यात चोरी पकडण्यापेक्षा प्रामाणिक माणसाचा बचाव जास्त होतो.

मूल रडायला लागले तर?

बाहेर नेऊन शांत करा आणि परत आणा. मागे वळून पाहणाऱ्यांनी पुढे पाहावे.

धुपाने धूर फार होतो, काहींना खोकला येतो.

बहुतेक वेळा कोळसा नीट पेटलेला नसतो. कोळशाची चकती आठ-दहा मिनिटे आधी पेटवा, कडा राखाडी झाल्यावरच धूप टाका, तोही अर्धा चमचा. धूरसूचक घंटेची माहिती इमारत सांभाळणाऱ्याला आधी विचारा. दम्याच्या लोकांना कोणत्या बाजूला बसावे ते दाराशीच सांगा.

मी ख्रिस्ती नाही. लग्नाला किंवा अंत्यविधीला आलो तर काय पाळावे?

वेळेच्या दहा मिनिटे आधी या, फोन बंद ठेवा, सगळे उभे राहतील तेव्हा उभे राहा. गायला, आमेन म्हणायला किंवा गुडघे टेकायला कोणी भाग पाडत नाही. प्रभुभोजन असेल तर बसून राहा. विवाहाच्या शपथा चालू असताना फोटोसाठी पुढे धावू नका. ठरलेल्या छायाचित्रकाराला एकच जागा दिलेली असते आणि तुम्ही नेमके तिच्या समोर उभे राहता. अंत्यविधीत पार्थिवाजवळ जाऊन नमस्कार करायचा असेल तर उपासना संपल्यावर कुटुंबीयांना विचारून करा, कोणी नाही म्हणत नाही.